गूगलवरचा धबधबा आणि डब्यावरचे मांडे

काका, नमस्कार. जांबोटीजवळ आमचं लहानसं होमस्टे आहे. दोन खोल्या, पुढं पडवी, मागं काजूची झाडं. चोर्ल्यावरून गोव्याला जाणारे लोक एखादी रात्र थांबतात. ह्यांच्या बहिणीच्या मुलानं पुण्यातून वेबसाइट करून दिली, एक रुपया घेतला नाही. तिच्यावर वरतीच धबधब्याचा मोठा फोटो आहे. आता चौदा महिन्यांनी इंग्रजीत मेल आलाय. तो फोटो म्हणे त्यांच्या फोटोग्राफरचा, आम्ही परवानगी घेतली नाही, 14 दिवसांत 58,000 रुपये भरा, नाहीतर कोर्टात 1,50,000 डॉलरपर्यंत जाईल. भाचा म्हणतो, "मामी, गूगलवर होता, सगळेच घेतात, उत्तरच देऊ नको." ह्यांचं म्हणणं, भरून मोकळं होऊया, कोर्टाची पायरी नको. पावसाळ्याची सगळी कमाई जाईल की हो त्यात. आणि गंमत बघा, दोन वर्षांमागं मी मांडे करताना मुलीनं मोबाइलवर काढलेला फोटो बेळगावातल्या एका मिठाईवाल्यानं न विचारता डब्यावर छापलाय, माझ्या तोंडासकट. त्याला आम्ही कधी काही बोललो नाही. ते जाऊ दे. ह्या मेलचं काय करू तेवढं सांगा.

एक वाचक, ता. खानापूर

ताई, तुम्ही "ते जाऊ दे" म्हणालात, पण मी ते जाऊ देणार नाही. त्यावर शेवटी येतो. तुमची मुदत संपत आली होती म्हणून चार ओळी तुम्हाला आधीच कळवल्या. इथं सविस्तर लिहितोय, कारण असेच मेल निपाणीच्या एका कापडवाल्याला आणि खानापूरच्या एका क्लासवाल्यालाही आल्याचं कानावर आहे.

सीमाभागातल्या माणसाला कागदाची भीती नवी नाही. घरात मराठी, कचेरीत कन्नड, आणि पैसे मागणारा कागद इंग्रजी. ज्या भाषेत आपल्याला भांडता येत नाही, त्या भाषेतला कागद आहे त्याहून मोठा दिसतो. तुमचा मेल मी दोनदा वाचला. त्यात निम्मी माहिती आहे आणि निम्मा दरारा.

पहिल्यांदा मेल खरा की खोटा ते बघायचं. या धाकावर फसवणाऱ्यांचं पीक आलंय. "तुम्ही आमचे फोटो चोरले, पुरावा इथं पाहा" असं म्हणून एक लिंक किंवा झिप फाइल देतात, ती उघडली की कॉम्प्युटरात कीड शिरते. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या नावानं दुसरा प्रकार चालतो: "कॉपीराइटचा भंग झालाय, 24 तासांत पेज बंद होईल, इथं लॉगिन करा." लॉगिन केलं की पेज त्यांचं. म्हणून मेलमधल्या कशालाच हात लावायचा नाही. मी कंपनीचं नाव वेगळं टाइप करून शोधलं, तिच्या साइटवरचा पत्ता आणि मेल पाठवणाऱ्याच्या पत्त्यातला @ पुढचा भाग ताडून पाहिला. जुळतो. तुमच्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट जोडलाय, प्रकरणाचा क्रमांक आहे. म्हणजे हे चोर नव्हेत, वसुलीवाले आहेत. (कुणाचे पैसे अशा खोट्या मेलपायी गेलेच असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या नंबरला ताबडतोब फोन करा, मग सायबर गुन्ह्यांचं सीईएन पोलीस ठाणं गाठा. पहिल्या तासादोन तासांत कळवलं तर पैसे अडवता येण्याची आशा असते.)

मग मी तो फोटो गूगल लेन्सवर टाकला, फोटो मूळ कुठला ते तिथं शोधता येतं. ताई, तो धबधबा आपला नव्हेच! मला आधी वज्रपोहा वाटला होता. निघाला केरळातला अथिरापल्ली. तुमच्या दारातून मलप्रभा वाहते, ती उगम पावते ते कणकुंबी तुमच्याच रस्त्यावर, आणि साइटवर पाणी पडतंय केरळचं. एखाद्या पाहुण्यानं सकाळी उठून "तो धबधबा कुठाय?" विचारलं असतं तर काय दाखवला असता, हा प्रश्न त्या 58,000 पेक्षा मला जास्त अवघड वाटतो. असो.

आता मूळ मुद्दा. भाच्याचं "गूगलवर होता" हे उत्तर कोर्टात चालत नाही. गूगल फोटो दाखवतं, देत नाही. आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा आहे. त्यात फोटो ही कलाकृती धरली आहे आणि ज्यानं तो काढला तो तिचा कर्ता. खाली नाव नसलं, © ची खूण नसली, कुठं नोंदणी केलेली नसली, तरी हक्क असतोच. बटण दाबल्या क्षणी तो लागू होतो. कर्ता असेपर्यंत आणि त्याच्या पश्चात 60 वर्षं तो टिकतो. फोटोंसाठी पूर्वी प्रसिद्धीपासून 60 वर्षं मोजायचे, 2012 च्या दुरुस्तीनं तो फरक काढून टाकला. परदेशी फोटोग्राफर असला तरी सुटका नाही, एकमेकांच्या देशातल्या कर्त्यांचे हक्क मानायच्या बर्न करारात भारत 1928 पासून आहे. शाळेचा अभ्यास, बातमी, समीक्षा यांना कलम 52 मध्ये सवलत आहे, पण खोली भाड्यानं देण्यासाठी लावलेला फोटो त्यात बसत नाही. थोडक्यात, चूक झालीय. ते मनाशी कबूल केलं की पुढचं सोपं जातं.

पण चूक झाली म्हणजे मागेल ती रक्कम द्यायची असं कुणी सांगितलं? ते 1,50,000 डॉलर पाहून यजमानांची झोप उडाली म्हणालात. तो आकडा अमेरिकेच्या कायद्यातला आहे. तिथं एका कलाकृतीमागं 750 ते 30,000 डॉलर आणि जाणूनबुजून केलं असेल तर 1,50,000 पर्यंत भरपाई कोर्ट ठरवू शकतं. आपल्या कायद्यात असा ठरलेला तक्ता नाही. इथं दावा लावणाऱ्याला स्वतःचं नुकसान किंवा तुमचा नफा दाखवावा लागतो. दोन खोल्यांच्या साइटवर एका धबधब्यानं किती नफा झाला, हे सिद्ध करायला बसलेला वकील मला बघायचाय. तुमचे 58,000 हासुद्धा दंड नाही. कुठल्याही कोर्टानं तो ठोठावलेला नाही. ती विक्रेत्यानं सांगितलेली पहिली किंमत आहे, आणि शनिवारच्या बाजारात पहिल्या किमतीला तुम्ही कधी भाजी घेतलीय?

म्हणून यजमानांचं "भरून मोकळं होऊया" मला पटत नाही. पण भाच्याचं "उत्तरच देऊ नको" तर त्याहून वाईट. आपल्याकडे कॉपीराइटच्या भंगाला फौजदारी बाजूही आहे. कलम 63 मध्ये सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 ते 2 लाख दंड लिहिलाय, आणि हा गुन्हा दखलपात्र नि अजामीनपात्र आहे असं सुप्रीम कोर्टानं 2022 मध्ये सांगितलं. घाबरवायला लिहीत नाही. या कलमात "जाणूनबुजून" हा शब्द आहे आणि तुमचा सगळा बचाव त्या शब्दावर उभा आहे. मेल येईपर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं हे खरंच आहे. मेल वाचून झाल्यावर फोटो तसाच राहिला तर मात्र "माहीत नव्हतं" म्हणायची सोय गेली. दावा ते त्यांच्या गावच्या जिल्हा कोर्टातही लावू शकतात, बेळगावातच येतील असं नाही. आणि दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. गप्प बसल्यानं हे प्रकरण आपोआप विरघळत नाही.

तेव्हा फोटो काढा. पण काढण्याआधी त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख दिसेल असा, आणि फोटो साइटवर कधी चढवला ती तारीख भाच्याकडून लिहून घ्या. मग काढा, आणि नीट काढा. इथंच बहुतेकांचं चुकतं. तुमची साइट वर्डप्रेसवर आहे. पानावरून फोटो उडवला तरी फाइल मीडिया लायब्ररीत पडून असते आणि तिचा थेट पत्ता टाकला की उघडते. मी तुमच्या मेलमधला पत्ता टाकून पाहिला. भाच्यानं परवा "काढला" म्हटलेला फोटो आज सकाळी मला दिमाखात दिसला! लायब्ररीतून कायमचा डिलीट करायला सांगा. त्याच फोटोच्या लहान-मोठ्या आवृत्त्या आपोआप झालेल्या असतात, त्या गेल्या का बघा, आणि फेसबुक पेजच्या कव्हरवर तोच आहे तोही उतरवा.

मग उत्तर द्या. मसुदा मी मराठीत देतो, इंग्रजी भाच्याकडून करून घ्या. फुकट साइट केली ना, तर हे एवढं काम त्याला लागू आहे.

"तुमचा अमुक तारखेचा मेल मिळाला. आमचे सर्व हक्क राखून आणि कोणतीही जबाबदारी मान्य न करता कळवतो की सदर छायाचित्र आम्ही अमुक तारखेला संकेतस्थळावरून पूर्णपणे काढलं आहे. पुढील बोलणीसाठी कृपया पाठवा: एक, छायाचित्राचा मूळ कर्ता कोण आणि त्याचा पुरावा, दोन, त्याच्या वतीनं मागणी करण्याचा तुम्हाला दिलेला लेखी, सहीचा अधिकार, तीन, हे छायाचित्र ज्या ठिकाणी विक्रीस आहे तिथला संकेतस्थळासाठीचा चालू दर, चार, 58,000 रुपयांचा हिशेब कसा केला."

बस, एवढंच. "आम्ही गरीब आहोत", "भाचा लहान आहे", "चूक झाली, माफ करा" यातलं काहीही लिहायचं नाही. माफी मनात मागा, मेलमध्ये नको.

दुसरा मुद्दा मुद्दाम घातलाय. आपल्या कायद्यात हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी आणि सही लागते. दावा मालक लावू शकतो किंवा ज्याला एकट्यालाच परवाना दिलाय तो लावू शकतो. नुसत्या वसुलीदाराला स्वतःच्या नावानं येता येत नाही. कागद असेल तर खरी कंपनी निमूट पाठवते. टाळाटाळ केली तर तुम्हाला काय ते कळलं.

कागद नीट आले, तर पैसे द्या, अगदी द्या. कुणीतरी पावसात ओला होऊन तो फोटो काढलाय. पण किती? असल्या फोटोंचा साइटवर वापरण्याचा परवाना विक्रीच्या ठिकाणी बहुधा काही शे ते काही हजारांत मिळतो. खरा दर बघा, चौदा महिन्यांचा वापर धरा, वर थोडं घाला आणि तो आकडा लेखी कळवा. घासाघीस होईल, होऊ दे. पैसे देण्याआधी एक कागद हातात हवा: या फोटोच्या आजवरच्या वापराबद्दल आमची आता काही मागणी उरली नाही, असं मालकाच्या वतीनं लिहिलेला. पैसे कंपनीच्या नावाच्या खात्यात, पावतीसकट. कुणा माणसाच्या यूपीआयवर नाही.

भाच्यानं नंतर "विकिपीडियावरून घेतला असेल" असंही म्हटलंय म्हणे. तसं असेल तर गोष्ट थोडी बदलते. तिथले पुष्कळ फोटो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतात. पैसे लागत नाहीत, पण कर्त्याचं नाव आणि परवान्याचा दुवा लिहावाच लागतो. न लिहिल्यास परवाना संपतो आणि तुम्ही पुन्हा चोरच. फक्त 4.0 या आवृत्तीत सोय आहे: चूक कळल्यापासून 30 दिवसांत दुरुस्त केली तर परवाना परत जिवंत होतो. मधल्या काळाबद्दलची मागणी तेवढ्यानं मिटत नाही, पण तुमची बाजू जड होते. आधीच्या आवृत्त्यांत ही सोय नाही, म्हणून आवृत्तीचा आकडा बघून घ्या.

प्रकरण वकिलापर्यंत गेलंच तर एक ध्यानात असू द्या. बाईमाणसाला मोफत कायदेशीर मदत मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा. फोन करायचा तर 15100.

आता मांडे.

तुमच्या पत्रातल्या या चार ओळी वाचून मी चहा बाजूला ठेवला. मी तीसेक वर्षं शहापुरात फोटो स्टुडिओ चालवलाय. मांडे करतानाचा चांगला फोटो काढणं किती कठीण ते मला विचारा. चुलीवर पालथी कढई, वर धग, बाई दोन्ही हातांवर ती पोळी फिरवत कोपरापर्यंत नेते, रुमालासारखी पातळ होते, आणि कढईवर पडायच्या आधी ती हातांवर अधांतरी असते तो एक क्षण. तो क्षण तुमच्या मुलीनं मोबाइलवर पकडला. मिठाईवाल्यानं तो उगीच उचललेला नाही.

ज्या कायद्यानं तुम्हाला घाम फोडला, तोच इथं तुमच्या मुलीच्या बाजूनं उभा आहे. नीट बघा, मुलीच्या. फोटोत तुम्ही आहात, हात तुमचे, मांडे तुमचे, चूल तुमची; पण फोटोचा हक्क काढणारीचा. पत्र तिच्या सहीनं जायला हवं. तुमचा चेहरा न विचारता माल खपवायला वापरला, ही तुमची तक्रार वेगळी आणि तीही लिहा. (जाता जाता, हेच लग्नाच्या फोटोत उलटं असतं. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. हे मला स्वतःला स्टुडिओ काढून दहा वर्षं झाल्यावर कळलं. तोवर मी नवरानवरीचे फोटो खुशाल काचेत लावत होतो, कुणाला न विचारता. एका मुलीच्या वडिलांनी येऊन चांगलंच झाडलं, बरोबरच होतं त्यांचं.)

पुरावा कसा करायचा ते सांगतो, जुन्या अनुभवावरून. रोलच्या काळात मी कपिलेश्वर तलावावर विसर्जनाचा एक फोटो काढला होता. मूर्ती अर्धी पाण्यात, एक पोरगं गळ्यापर्यंत बुडून तिच्याकडं बघतंय. पुढच्या दिवाळीला तोच फोटो एका दुकानाच्या कॅलेंडरवर! दुकानदार म्हणाला, "हा आमच्या माणसानं काढलाय." मी घरी गेलो, निगेटिव्हची पट्टी आणली आणि त्याच्या काउंटरच्या काचेवर दिव्याखाली ठेवली. त्याच्याकडं एकच फोटो होता. माझ्याकडं त्याच्या आधीचे दोन आणि नंतरचे तीन होते: पोरगं पाण्यात उतरतंय, पोरगं बुडतंय, मूर्ती गेली, पोरगं रडतंय. तो काही बोलला नाही. गल्ल्यातून पैसे काढले आणि वर किलोभर कुंदा बांधून दिला. कुंदा चांगला होता, ते मान्य करायला पाहिजे.

तुमच्या मुलीच्या मोबाइलमध्ये ती पट्टी असणार. त्या दिवशी तिनं एकच फोटो काढला नसेल. हललेले, डोळे मिटलेले, धुरात हरवलेले असे आठदहा असतील. कचरा म्हणून पुसू नका, पुसले असतील तर गूगल फोटोजच्या बॅकअपमध्ये बघा. मूळ फाइलमध्ये तारीख, वेळ, मोबाइलचं मॉडेल सगळं आत लिहिलेलं असतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ते गळून जातं आणि फोटोही दाबला जातो. कुणाला पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मला तुम्ही पाठवलेला नेमका गळालेलाच आलाय.

मग बेळगावला जा आणि त्या दुकानातून एक डबा विकत घ्या. बिल मागा, तारखेचं, आणि ते हरवू नका. हात दाखवून भांडण काढायचं नाही, गिऱ्हाईक म्हणून जायचं, गिऱ्हाईक म्हणून यायचं. त्यांच्या इन्स्टाग्रामवर तो फोटो असेल तर स्क्रीनशॉट घ्या. रीतसर तक्रार गेली की फोटो ठेवणाऱ्या कंपनीला, म्हणजे इन्स्टाग्रामला, 36 तासांत तो दिसेनासा करावा लागतो, 21 दिवसांसाठी. तेवढ्यात कोर्टाचा हुकूम आणला नाही तर तो परत येऊ शकतो. पण इन्स्टाग्रामची तक्रार लगेच करू नका. दुकान आपल्याच गावातलं आहे. आधी मालकाला भेटायला यजमान आणि मुलगी दोघं जाऊ देत, हातात डबा, बिल आणि त्या आठदहा फोटोंचे प्रिंट. मागायचं काय ते घरातून ठरवून निघा. मी असतो तर तीन गोष्टी मागितल्या असत्या: छापलेले डबे संपेपर्यंतच्या वापराचे पैसे, पुढच्या छपाईत फोटो हवा असेल तर मुलीशी लेखी करार, आणि डब्यावर तिचं नाव. ऐकलं नाही तर नोटीस. नोंदणी सक्तीची नाही, पण या फोटोची करून ठेवायला हरकत नाही. साध्या कलाकृतीला 500 रुपये शुल्क आहे, मालावर वापरल्या जाणाऱ्या कलाकृतीला 2,000, आणि ऑनलाइन होते. दोन वर्षं झाली म्हणता. डबे नेमके कधीपासून निघाले ते शोधा, ती तीन वर्षांची मुदत इथं तुमच्याविरुद्ध धावतेय.

राहिला वेबसाइटचा वरचा भाग, तो आता मोकळा झालाय. आषाढात हब्बनहट्टीला पाणी चढलं की मुलीला घेऊन जा. तिचा मोबाइल चालेल. खडकावर जपून, आणि फोटो आडवा काढायला सांगा, साइटवर उभा बसत नाही.